सुया लावल्या आणि क्रिएटिनिन उतरलं: सोलापुरातलं एक प्रकरण

रुग्णाचं वय ५६. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर काम, राहायला विडी घरकुल, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी. बायको विड्या वळते. साखरेचा आजार अकरा वर्षांचा, रक्तदाब त्यानंतरचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघं ओपीडीत आले. तक्रार अशी काही नव्हती, विचारायचं होतं. किडनी फेल होत आली होती ती सुयांनी बरी झाली, तर आता साखरेच्या गोळ्याही सोडायच्या का? आणि सुया अजून किती दिवस लावायच्या?

सोबत दोन रिपोर्ट होते. मेच्या मध्यावरचा: क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, आकडा चढला की किडनी मंदावली) ३.१, युरिया ९६, पोटॅशियम ५.६. तीन आठवड्यांनंतरचा: क्रिएटिनिन १.७, युरिया ४४, पोटॅशियम ४.८. एकाच लॅबचे, दोन्ही खरे. मधल्या काळात ॲक्युपंक्चरच्या आठ बैठका झालेल्या. पूर्व भागातल्या त्यांच्या नातेवाइकांत ही बातमी आमच्याकडे येण्याआधीच फिरली होती आणि आणखी दोन किडनीचे रुग्ण त्याच दवाखान्यात सुया लावून घेऊ लागले होते. म्हणून या प्रकरणाची नीट उकल करणं भाग होतं. सुयांनी काय केलं, काय केलं नाही, आणि ज्याचं श्रेय सुयांना गेलं ते खरं कोणाचं, हे सगळं इथे मांडतो. रुग्णाच्या संमतीने लिहितोय, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

एप्रिल ते मे

कंबर धरली ती एप्रिलच्या शेवटी. मागापुढे दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाची कंबर धरते त्यात नवल नाही. मेडिकलवरून डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी आणली. सकाळ-संध्याकाळ एकेक, तीन आठवडे. पैसे कमी लागले, आराम पडला, खाडा झाला नाही. तळपायांची आग होते म्हणून कुणीतरी आधीच प्रीगॅबालिन आणि नॉर्ट्रिप्टिलिनची जोडगोळी रात्रीसाठी दिलेली होती. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकाच गोळीत. साखरेसाठी मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड. हे सगळं एका कॅरीबॅगमध्ये होतं. बाईंनी ती टेबलावर रिकामी केली तेव्हा निम्मं निदान तिथेच झालं. किडनीच्या रुग्णात मी रिपोर्टच्या आधी पिशवी पाहतो.

सोलापूरचा मे म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस अंश, वर पत्र्याची शेड. शौचालय लांब, मग शिफ्टमध्ये पाणी बेतानेच प्यायचं, ही मागावरच्या माणसांची जुनी सवय. घरी नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. मेच्या दुसऱ्या आठवड्यात लघवी कमी झाली, जी होई ती थेंब थेंब, पोट खाली जड, संध्याकाळी पाय सुजलेले. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने शहाळी सुरू झाली, धण्याचं पाणी झालं. शहाळ्याने लघवी सुटते ही आपल्याकडची पक्की समजूत, आणि धडधाकट माणसाच्या बाबतीत तीत काही धोका नाही. पण शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनी मंदावलेली, त्यात टेल्मिसार्टन पोटॅशियम धरून ठेवणारं, अशा वेळी दिवसाला दोन-तीन शहाळी म्हणजे हृदयाशी खेळ.

फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, आणि आजच सिव्हिलला जा, डायलिसिस लागू शकतं, असं सांगितलं. सल्ला बरोबरच होता. पण शेजारच्या गल्लीतला एकजण डायलिसिसवर गेला तो वर्षभरात वारला, एवढंच त्या घराला डायलिसिसबद्दल माहीत होतं. धाकट्या भावाने त्याच संध्याकाळी त्यांना ॲक्युपंक्चरवाल्यांकडे नेलं.

सुया कुठे लावल्या

मी त्या चिकित्सकांना फोन केला. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे. हे गृहस्थ रीतसर नोंदणी असलेले निघाले आणि त्यांनी कार्ड काढून सगळं वाचून दाखवलं. किडनी-३, म्हणजे आतल्या घोट्याच्या आणि टाचेच्या शिरेच्या मधल्या खळग्यातला बिंदू. स्प्लीन-६, त्याच घोट्याच्या चार बोटं वर. स्टमक-३६, गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या अंगाला. कंबरेवर ब्लॅडर-२३, दुसऱ्या कटी-मणक्याच्या पातळीवर दोन्ही बाजूंना, आणि माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीवर ब्लॅडर-३२. कंबरेच्या सुयांना मंद वीजप्रवाह, वीस-पंचवीस मिनिटं. सुया दर वेळी नव्या, वापरून फेकायच्या. हे मी मुद्दाम विचारलं. उद्या डायलिसिस लागू शकेल अशा माणसाला वापरलेल्या सुईतून हिपॅटायटिस बी किंवा सी झाला, तर डायलिसिसचं मशीन मिळण्यापासून पुढे प्रत्यारोपणापर्यंत सगळंच अवघड होऊन बसतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी रुग्णाला आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. सुया चालू आहेत तोवर दुखण्याची गोळी घ्यायची नाही, कारण गोळीने सुयांचा गुण कळत नाही. आणि आठवडाभर कामावर जायचं नाही, घरी पडून राहायचं, तहान लागेल तसं पाणी प्यायचं. ही दोन वाक्यं कार्डावर शेवटी, बारीक अक्षरात होती. मला वाटतं, त्या कार्डावर सगळ्यात जास्त औषधी मजकूर तोच होता.

एक गोष्ट मात्र खटकली. पोटॅशियम ५.६ आणि क्रिएटिनिन ३.१ असा कागद समोर असताना सुयांची पेटी उघडायला नको होती. आधी ईसीजी, आधी सिव्हिल. त्या आठवड्यात हृदयाची लय बिघडली नाही हे नशीब. हे मी त्यांना फोनवर सांगितलं आणि त्यांनी ते ऐकूनही घेतलं.

बाईंची बाटली

या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे एका जुन्या कॅलेंडरची पाठ. एक लिटरची पाण्याची बाटली वरून कापून बाईंनी रोजची लघवी मोजली होती आणि लिहून ठेवली होती. विड्या हजाराच्या हिशेबाने मोजून द्यायची सवय असलेल्या हाताने केलेली नोंद होती ती. आमच्या वॉर्डातल्या कित्येक चार्टांपेक्षा बरी.

सुया सुरू झाल्या त्या दिवशी साडेचारशे मिलिलिटर. दुसऱ्या दिवशी सहाशे. चौथ्या दिवशी दीड लिटर. सहाव्या दिवशी पावणेतीन लिटर, आणि घर आनंदात. मग उतरत उतरत दीड-दोन लिटरवर स्थिरावली.

हा चढ पाहून कोणीही सुयांना हात जोडील. पण अचानक थकलेली किडनी सावरते तेव्हा हा आलेख असाच दिसतो, सुया असोत वा नसोत. साचलेला युरिया आणि जादा क्षार बाहेर पडताना सोबत पाणी ओढून नेतात. शिवाय किडनीची गाळणी आधी सुरू होते आणि पाणी परत शोषून घेणाऱ्या नलिका मागाहून भानावर येतात. मधल्या चार-सहा दिवसांत लघवीचा पूर येतो. पावणेतीन लिटर म्हणजे किडनी अजून पुरती ताळ्यावर आलेली नाही. तुंबलेलं मूत्राशय मोकळं होतं तेव्हाही असाच पूर येतो, आणि या रुग्णात तोही भाग होता. त्याकडे पुढे येतो.

लघवी किती होते आणि किडनी कशी चालते, या दोन गोष्टी घरात एकच समजल्या जातात. दवाखान्यातही कधीकधी. निरोगी माणसाच्या दोन किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त परत शोषून घेतात. बाटलीत पडतो तो उरलेला दीड-दोन लिटर. गाळणी निम्मी झाली तरी शोषण थोडं ढिलं पडलं की बाटलीतला आकडा तोच राहतो. क्रिएटिनिन सहा असलेला माणूस दिवसाला दोन लिटर स्वच्छ, पाण्यासारखी लघवी करत असतो आणि म्हणून स्वतःला ठणठणीत समजतो. उलट उन्हात राबणारा, कमी पाणी पिणारा निरोगी कामगार सहाशे मिलिलिटर गडद लघवी करतो, त्याची किडनी उत्तम असते. दिवसाला चारशेच्या खाली लघवी गेली तर मात्र ती धोक्याची खूण, मग कारण काहीही असो. तेव्हा कोणत्याही उपायाने लघवी वाढली, मग तो सुयांचा असो, काढ्याचा असो की बार्लीच्या पाण्याचा, तेवढ्यावरून किडनी सुधारली असं म्हणता येत नाही.

मग क्रिएटिनिन का उतरलं

किडनीतल्या प्रत्येक गाळणीत रक्त आणणारी एक बारीक नळी असते आणि बाहेर नेणारी दुसरी. गाळायला लागणारा दाब या दोघींच्या आकुंचन-प्रसरणावर चालतो. शरीरात पाणी कमी पडलं की आणणारी नळी उघडी ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक या गोळ्या नेमकी तीच द्रव्यं थांबवतात. दुखणं कमी होतं ते त्यामुळेच, आणि किडनीकडचा रस्ता आवळतो तोही त्यामुळेच. टेल्मिसार्टन बाहेरची नळी सैल करतं. हायड्रोक्लोरोथायझाइड अंगातलं पाणी आणि मीठ काढतं. महापालिकेच्या पाइपलाइनला टाकीत पाणी कमी, येणारा व्हॉल्व्ह अर्धा बंद आणि जाणारा पूर्ण उघडा, असं एकदम झालं तर वरच्या मजल्यावर नळाला धार कुठून येणार? मे महिन्यात या माणसाच्या किडनीत तेच झालं. ही तीन औषधांची तिकडी जगभर कुप्रसिद्ध आहे. आपल्याकडे ती उन्हाळ्यात आणि मेडिकलच्या काउंटरवर जुळून येते.

अशा तऱ्हेने बसलेली किडनी औषध थांबवून पाणी मिळालं की बहुतेक वेळा काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत उठते. इथे गोळी बंद, घरी विश्रांती, पाणी आणि सुया हे सगळं एकाच दिवशी सुरू झालं. त्यामुळे फक्त तारखा पाहून सुयांचा वाटा वेगळा काढता येत नाही. गोळी थांबली ती सुयांमुळेच, हेही नाकारता येत नाही.

आणखी एक पदर आहे. मोठ्या मेव्हण्याच्या सांगण्यावरून रुग्णाने रक्तदाबाची गोळीही सोडली होती. टेल्मिसार्टन बंद केलं की गाळणीतला दाब वाढतो आणि क्रिएटिनिनचा आकडा थोडा उतरतो. रिपोर्ट छान दिसतो, पण मधुमेह्याच्या किडनीला लांब पल्ल्यात त्याच दाबाने इजा होते. आमच्याकडे आले तेव्हा रक्तदाब १७२/१०२ होता. १.७ या आकड्यातला थोडा भाग या सोडलेल्या गोळीचा होता, आणि तो कौतुकाचा नव्हता.

वर्षभरापूर्वी कारखान्यातल्या तपासणी शिबिराचा कागद बाईंनी जपून ठेवला होता. त्यात क्रिएटिनिन १.४. म्हणजे मूळची किडनीच मिनिटाला साठेक मिलिलिटर गाळणाऱ्या गटातली होती, पूर्ण निरोगी कधीच नव्हती. ३.१ वरून १.७ हा प्रवास पूर्वपदाकडे परतण्याचा होता, तेही पूर्ण परतणं नव्हे.

अभ्यास काय सांगतात

ॲक्युपंक्चर म्हणजे सगळा भंपकपणा, असं मी म्हणणार नाही. लघवीच्या एका तक्रारीत याच भागातल्या सुईला आधुनिक वैद्यकाने आपलंसं केलं आहे. स्प्लीन-६ हा बिंदू जिथे आहे तिथून जवळच टिबियल मज्जातंतू जातो. त्याची मुळं कंबरेच्या खालच्या आणि त्रिकास्थीच्या मज्जारज्जूत, म्हणजे मूत्राशयाचा कारभार जिथून चालतो त्याच शेजारात. घोट्याच्या थोडं वर बारीक सुई, तिला मंद वीजप्रवाह, आठवड्याला एकदा अर्धा तास, असे बारा आठवडे. ही पद्धत वारंवार आणि घाईची लघवी होणाऱ्यांसाठी अमेरिकेत २००० सालापासून मान्यताप्राप्त आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत २२० रुग्ण होते. खऱ्या सुईच्या गटात ५४.५ टक्के लोकांना स्पष्ट फरक पडला, खोट्या सुईच्या गटात २०.९ टक्क्यांना. फरक ठसठशीत आहे. पण सुई लावल्याच्या नुसत्या भासानेही पाचातल्या एकाला बरं वाटलं, हेही त्याच आकड्यांत लिहिलेलं आहे. चीनमध्ये ५०४ स्त्रियांवर झालेली आणि २०१७ मध्ये छापून आलेली चाचणीही अशीच. खोकताना-शिंकताना लघवी सुटण्यावर त्रिकास्थीच्या भागातल्या सुयांनी सहा आठवड्यांत गळती कमी झाली.

मात्र या दोन्ही चाचण्या मूत्राशयाच्या आहेत. मूत्राशय लघवी साठवतं आणि सोडतं. ती तयार करतं ते दुसरंच इंद्रिय. सुईने टिबियल मज्जातंतू चेतवला म्हणून गाळणीतून एक थेंब जास्त गळत नाही. शिवाय पहिली चाचणी लघवी वारंवार होणाऱ्यांची, आणि आमच्या रुग्णाची लघवी तुंबत होती. एकच बिंदू लघवी आणतोही आणि थांबवतोही असा दावा ऐकला की मी कान टवकारतो. मज्जासंस्थेच्या तोलाच्या भाषेत त्याचं स्पष्टीकरण देता येतं, पण तुंबलेल्या लघवीवरचा पुरावा पहिल्याइतका भक्कम नाही.

किडनीच्या कामावर सुयांचा परिणाम होण्याची एक वाट शरीरशास्त्राला मान्य होण्यासारखी आहे. किडनीला सिम्पथेटिक मज्जातंतू जातात. ते खवळले की किडनीचा रक्तपुरवठा आवळतो आणि मीठ-पाणी धरून ठेवलं जातं, शांत झाले की मीठ-पाणी सुटतं. त्वचा आणि स्नायू चेतवून या मज्जातंतूंचा जोर कमी-जास्त होतो, हे भूल दिलेल्या प्राण्यांवर दिसलेलं आहे. माणसात काय? तैवानमधली २०१७ ची एक छोटी चाचणी आहे, साठाच्या आत रुग्ण, आठवड्याला एकदा असे बारा आठवडे. त्यात सुयांच्या गटात क्रिएटिनिन किंचित सुधारल्याचं दिसलं. एवढ्या कमी लोकांत आणि एवढ्या कमी काळात क्रिएटिनिनवर विसंबणं धाडसाचं आहे. आदल्या रात्री मटण खाल्लं तरी हा आकडा हलतो, आणि सोलापूरकराला ते वेगळं सांगायला नको. २०१६ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पारखणाऱ्या संस्थेने दीर्घकालीन किडनी विकारातले २४ अभ्यास, मिळून १,७८७ रुग्ण, तपासले. त्यातले बरेचसे डायलिसिसवरचे. थकवा, झोप, खाज अशा त्रासांत थोडा, अल्पकाळ आराम मिळत असावा, तोही मुख्यतः बिंदू दाबण्याने, असं हाती लागलं. पुराव्याचा दर्जा अगदी खालचा ठरला. किडनी वाचते किंवा डायलिसिस टळतं असं म्हणायला त्यात आधार नाही.

चिनी परंपरेत किडनी म्हणजे पाठीमागच्या दोन गाळण्या एवढंच नव्हे. हाडं, कंबर, ऐकणं, प्रजनन, अंगातलं पाणी हे सगळं तिच्या खात्यात. त्यामुळे त्या चिकित्सकांनी किडनीवर सुया लावल्या असं म्हटलं, तेव्हा त्यांच्या शास्त्राप्रमाणे ते कंबरदुखीवरही उपचार करत होतेच.

इथे कोटणीसांचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. रुग्णाच्या भावाने तो काढलाच: ही विद्या आपल्या गावच्या डॉक्टरनेच आणली ना? डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, जन्म १९१०, हे खरं. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले. पण ते युद्धभूमीवरचे शल्यविशारद होते, त्यांनी हाती सुरी धरली. ॲक्युपंक्चर भारतात आणलं ते त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, शिकले आणि कोलकात्यात ते सुरू केलं. पुढे लुधियानात कोटणीसांच्या नावाने ॲक्युपंक्चरचं रुग्णालय निघालं, त्यामुळे दोन गोष्टी लोकांच्या मनात एक झाल्या. भावाला हे सांगितलं तेव्हा तो जरा हिरमुसला. सोलापुरात हा गैरसमज मोडणं किडनीचा गैरसमज मोडण्याइतकंच कठीण आहे.

जूनअखेरची उलटतपासणी

आम्ही जूनच्या सुरुवातीला एवढंच केलं: रक्तदाबाची जोडगोळी देण्याऐवजी फक्त टेल्मिसार्टन कमी मात्रेत पुन्हा सुरू केलं, साखरेच्या गोळ्या चालू ठेवल्या, दुखण्याच्या सगळ्या गोळ्यांना मनाई केली आणि सुयांना हरकत घेतली नाही. आठवड्याला दोन बैठका चालू राहिल्या.

जूनच्या शेवटी कारखान्यात जादा शिफ्ट लागल्या आणि कंबर पुन्हा धरली. कामाच्या जागेजवळच्या एका दवाखान्यात त्यांना कंबरेत इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. चिठ्ठीवर डायक्लोफेनॅक. किडनीचा विषय ना त्यांनी काढला, ना तिथे कुणी विचारला. सुया त्याही आठवड्यात लावल्याच होत्या, त्याच बिंदूंवर, त्याच हातांनी. पाचव्या दिवशी पाय सुजले, बाईंनी बाटली पुन्हा काढली आणि आकडा पाहून थेट ओपीडी गाठली. क्रिएटिनिन २.३.

ठरवून असा प्रयोग कोणी करू शकत नाही, करूही नये. पण घडला तो प्रयोग स्वच्छ होता. सुया चालू, पाणी पुरेसं, पाऊस पडून हवा निवळलेली, रक्तदाबाची गोळी स्थिर. नव्याने आलं ते फक्त डायक्लोफेनॅक, आणि किडनी बसली. सुया तिला सावरू शकल्या नाहीत. गोळ्या बंद केल्या, दहा दिवसांनी १.६.

रुग्णाला हे पटलं ते माझ्या बोलण्याने नाही, त्या कॅलेंडरच्या पाठीने. मेमधला आकड्यांचा उतार आणि चढ, आणि जूनअखेरचा तसाच उतार, दोन्ही शेजारी शेजारी त्यांच्या बायकोच्या अक्षरात होते.

मूत्राशयाचा हिशेब

थेंब थेंब लघवीचं काय? मेच्या सोनोग्राफीत लघवी करून झाल्यावरही मूत्राशयात ३१० मिलिलिटर शिल्लक होती. प्रोस्टेट वाढलेली नव्हती. दोन कारणं उरतात. लांबलेल्या मधुमेहाने मूत्राशयाचे मज्जातंतू बधिरतात, भरल्याची जाणीव उशिरा होते, आकुंचन अर्धवट होतं. आणि नॉर्ट्रिप्टिलिन, जे पायांची आग शमवतं पण मूत्राशयाला सुस्त करतं. जूनच्या सुरुवातीला, सुया चालू आणि नॉर्ट्रिप्टिलिनही चालू असताना, शिल्लक २४० होती. मग आम्ही ती जोडगोळी काढली, प्रीगॅबालिन एकटं आणि कमी मात्रेत ठेवलं, आणि जाणीव होवो न होवो, दर तीन तासांनी लघवीला जायचं, झाल्यावर दोन मिनिटं थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, असं शिकवलं. जुलैमध्ये शिल्लक ११०.

३१० वरून २४० हा फरक सुयांचा असेल का? असू शकेल. सोनोग्राफीतला असा आकडा एकाच माणसात एका दिवसातही बराच हलतो, त्यामुळे मी पैज लावणार नाही. म्हणून आम्ही चिकित्सकांच्या संमतीने महिनाभर सुया थांबवून पाहिलं. शिल्लक १३० झाली, म्हणजे जवळपास तीच. क्रिएटिनिन १.६, तेच. लघवीचं मापही तेच.

बदललं ते दुखणं. दुसऱ्या आठवड्यापासून कंबर पुन्हा बोलू लागली आणि चौथ्या आठवड्यात बाईंना त्यांच्या शर्टाच्या खिशात एक स्ट्रिप सापडली. दोन गोळ्या कमी असलेली.

मग काय ठरलं

सुया चालू ठेवा, असं मीच सांगितलं. किडनीसाठी नाही, कंबरेसाठी. जुनाट कंबरदुखीत ॲक्युपंक्चरचा उपयोग मर्यादित पण खरा आहे, आणि मुख्य म्हणजे ज्याला डायक्लोफेनॅक चालत नाही त्याच्या हातात फार पर्याय नसतात. पॅरासिटामॉल बेताने, शेक, फिजिओथेरपी, मागासमोर उभं राहताना एक पाय आळीपाळीने फळीवर ठेवणं, आणि सुया. सुयांमुळे महिन्याला वीस-तीस गोळ्या पोटात जायच्या वाचत असतील, तर या माणसाच्या किडनीवर सुयांचा परिणाम होतोय असं म्हणायला मी तयार आहे. तेवढाच, आणि त्याच वाटेने.

चिकित्सकांशी चार गोष्टी ठरल्या. पायांवर सूज असेल त्या दिवशी पायात सुई नाही. मधुमेह्याच्या बधिर पायावर प्रत्येक बैठकीनंतर नीट पाहायचं, कारण जखम झाली तरी त्याला कळणार नाही. कंबरेवरची सुई खोल नाही. सडपातळ माणसात ब्लॅडर-२३ च्या आत किडनी फार दूर नसते. आणि किडनीच्या इतर रुग्णांना सुया लावण्याआधी ताजा पोटॅशियमचा रिपोर्ट. ज्यांना डायलिसिससाठी हाताला फिस्टुला, म्हणजे रक्तवाहिन्यांची जोड, केलेला आहे, त्यांच्या त्या हाताला कधीच सुई नाही, हेही त्यांनी लिहून घेतलं. त्यांच्याकडे गेलेल्या त्या दोन रुग्णांपैकी एकाला असा फिस्टुला होता.

बाईंचा प्रश्न मात्र साधा होता. "डॉक्टर, सुया सोडल्या तर लघवी परत बंद होईल का हो?" नाही होणार, मावशी. दुखण्याची गोळी घेतली तर होईल. हे वाक्य आम्ही मराठीत आणि तेलुगूत फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, कुठल्याही दवाखान्यात आधी ते पान दाखवायचं म्हणून.

लघवीतल्या प्रथिनांची तपासणी या सगळ्या गदारोळात कुणी केलीच नव्हती. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर २४० निघालं, निरोगी माणसात ते तीसच्या आत असतं. मधुमेहाने किडनी हळूहळू झिजते आहे याची ही खूण, आणि ती मे महिन्याच्या आधीपासूनची असणार. टेल्मिसार्टनची मात्रा आता पोटॅशियम पाहत वाढवतो आहोत. साखर उतरवणाऱ्या आणि किडनीही जपणाऱ्या नव्या गोळ्यांचा विचार आहे, पण त्या लघवीतून साखर बाहेर काढतात आणि मूत्राशयात शंभरावर मिलिलिटर शिल्लक राहत असताना जंतुसंसर्गाची भीती वाटते, म्हणून शिल्लक आणखी उतरेपर्यंत थांबलो आहोत. पुढची तपासणी तीन महिन्यांनी, आदल्या रात्री मटण न खाता.